डंबळ ते कलसन : आर्यतारेचा धर्मसेतू

आमच्या देवालयांतून कोणतेही धर्मकृत्य संकल्पावाचून आरंभिले जात नाही. यजमान आचमन करून आपले स्थान व आपला काल देवापुढे नमूद करतो. न्यायासनापुढे आलेला साक्षीदार ज्याप्रमाणे प्रथम आपले नाव, गाव आणि दिनांक सांगतो, तसाच हा प्रकार होय. या कथनात दोन शब्द असे आहेत की, नित्याच्या सवयीने ते कानांवरून जातात आणि त्यांकडे कोणाचे लक्ष राहत नाही. एक ‘बौद्धावतारे’ आणि दुसरा ‘शालिवाहन शके’. पहिल्याने आपण बुद्धाच्या अवतारकालात वावरत आहोत हे मान्य करतो. दुसऱ्याने आपण वर्षे कोणत्या गणनेने मोजतो हे सांगतो. ही गणना गोदावरी-कृष्णेच्या तीरांपुरती राहिली नाही. समुद्रापलीकडे, जावा बेटात, एका शिळेवर संस्कृत भाषेत शके ७०० हे वर्ष कोरलेले आहे. आणि ती शिळा बौद्धांच्या तारा नामक देवीच्या मंदिराची आहे.

त्याच देवीचे दुसरे एक मंदिर आमच्या धारवाडच्या मुलखात होते. जावातील मंदिर कलसनचे आणि आमच्याकडील डंबळचे. दोहोंमध्ये साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर व तीनशेहून अधिक वर्षांचा काळ आहे. बौद्ध शिल्पाचा व प्रतीकांचा आशियाभर झालेला प्रवास हा विषय मोठा आहे. एका लेखात तो मावणारा नाही. म्हणून या दोन शिलालेखांच्या आधारानेच आम्ही त्याकडे पाहणार आहो. देवालयाशी ज्यांचा कुळापासून संबंध आहे अशा वाचकांस या दोन शिळा काही सांगू इच्छितात, अशी आमची समजूत आहे.

आम्ही जेथे राहतो ते केलगेरी धारवाडच्या पश्चिमेस, गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा रस्ता अळणावर, लोंढा करीत घाटाकडे जातो. त्याच्या उलट दिशेस, पूर्वेकडे, हुबळी व गदग ही गावे लागतात. गदगपासून जवळच लक्कुंडी आणि त्याच्या दक्षिणेस डंबळ. १९९७ साली गदग जिल्हा निराळा झाला. तोपर्यंत ही दोन्ही गावे धारवाड जिल्ह्यातच मोडत. डंबळास जाणारा प्रवासी तेथील दोड्डबसप्पाचे देवालय पाहतो. चोवीस कोनांच्या तारकाकृती आराखड्यावर उभे असलेले ते बाराव्या शतकातील मंदिर चालुक्य शिल्पकलेचा एक उत्कृष्ट नमुना आहे. परंतु त्या मंदिराच्याही आधी याच गावी बौद्धांचे दोन विहार होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

त्याचा पुरावा म्हणजे एक शिलालेख. मुंबई सरकारच्या सेवेतील अधिकारी आणि कन्नड लेखांचे जाणते संशोधक जॉन फ्लीट यांनी १८८१ साली तो प्रसिद्ध केला. भाषा संस्कृत व जुनी कन्नड. काळ कल्याणच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याचा. वर्ष युव संवत्सराचे, म्हणजे आपल्या गणनेने शके १०१७, इ. स. १०९५–९६. डंबळ त्या वेळी धर्मपुर किंवा धर्मवोळल या नावाने ओळखले जाई, आणि अठरा अग्रहारांसह त्या नगराचा कारभार राजाची राणी लक्ष्मादेवी पाहत असे. लेखात दोन विहारांना दिलेल्या दानाची नोंद आहे. पहिला विहार बुद्धाचा. तो सोळा सेट्टींनी मिळून बांधला. दुसरा आर्यतारादेवीचा, तो लोक्किगुंडीच्या, म्हणजे आजच्या लक्कुंडीच्या, संगवय्य सेट्टीने बांधला.

येथे क्षणभर थांबून हे लक्षात घ्यावे की, ही शाक्यमुनीच्या किंवा सम्राट अशोकाच्या काळची वार्ता नव्हे. हे अकराव्या शतकाचे अखेरचे दशक आहे. शंकराचार्य होऊन गेले होते. बसवेश्वर अद्याप जन्मावयाचे होते. बौद्ध धर्म आमच्या देशातून त्यापूर्वीच नामशेष झाला, असे शाळेत शिकलेल्यांस हा शिलालेख चकित करतो. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, विहार बांधणारा कोणी भिक्षू नाही, राजा नाही. तो पेठेतील व्यापारी आहे.

व्यापाऱ्यास तारा का हवी होती, हे त्या लेखाच्या मंगलाचरणातच कळते. बुद्धास नमन केल्यानंतर तारेची स्तुती येते आणि तीत देवी कोणकोणत्या भयांचे शमन करते हे क्रमाने सांगितले आहे. सिंह, हत्ती, अग्नी, सर्प, चोर, बेडी, समुद्र आणि पिशाच, अशी ती आठ भये. बौद्ध वाङ्मयात यांस अष्टमहाभये म्हणतात. आमच्यासारख्या कायद्याच्या धंद्यातील माणसास ही यादी वाचताना विमापत्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तांड्याने अरण्य ओलांडणाऱ्यास सिंह, हत्ती व सर्प यांचे भय, मुक्कामास वणव्याचे, वाटेवर चोरांचे, परराज्यात कोणत्याही निमित्ताने बेडी पडण्याचे, आणि जलमार्गाने जाणाऱ्यास समुद्राचे. या आठांपैकी सात भये सरळसरळ प्रवासी व्यापाऱ्याची आहेत. आठव्यापासून तर कोणीच मुक्त नाही.

देवीचे नावही हेच सांगते. तॄ या धातूचा अर्थ तरणे, पार जाणे. तारा म्हणजे पार नेणारी. मराठीत जहाजास तारू म्हणतात. गोव्यात नदी ओलांडण्याच्या जागेस तार, तेथील नावाड्यास तारी व जहाजावरील खलाशास तारवटी म्हणतात. हे सर्व शब्द एकाच घरातले आहेत. तिबेटी लोकांनी या देवीचे नाव आपल्या भाषेत ‘डोल्मा’ असे केले, त्याचाही अर्थ सोडविणारी, तारणारी असाच होतो. वंगदेशातील आचार्य अतीश १०४२ साली तिबेटात पोहोचले. त्यांच्या उपदेशाने तेथे तारेची उपासना दृढ झाली, आणि पुढे तिची एकवीस रूपे घरोघरी पुजली जाऊ लागली. डंबळचा विहार उभा राहिला त्याच शतकातील ही घटना आहे.

तारेचे हे तारकत्व शिल्पात कसे उतरले, हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. औरंगाबाद येथील सातव्या लेण्याच्या दर्शनी भागात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची उभी मूर्ती आहे. तिच्या दोन्ही बाजूंस चार-चार लहान दृश्ये कोरलेली आहेत. एकात नौका बुडत आहे, एकात कोणी तलवार उगारलेली आहे, एकात हत्ती अंगावर धावून येतो आहे. प्रत्येक दृश्यात संकटात सापडलेली माणसे बोधिसत्त्वाकडे हात जोडून आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरीस नव्वदाव्या लेण्यात आणि अजिंठ्यासही हा प्रसंग आढळतो. ही लेणी व्यापारी मार्गांवरची. त्यांतील भिंती म्हणजे त्या मार्गांनी जाणाऱ्यांच्या चिंतांचे चित्रच होय. प्रथम हे रक्षणाचे कार्य अवलोकितेश्वराकडे होते. पुढे ते त्याच्या करुणेचे स्त्रीरूप मानल्या गेलेल्या तारेकडे आले. ओदिशातील रत्नगिरीच्या महाविहारात, जो कोकणातील रत्नागिरीहून सर्वस्वी निराळा आहे, मध्ये तारा आणि भोवती आठ भये अशी मूर्ती सापडली आहे. मांडणी तीच, देवता मात्र बदललेली.

मूर्तीची लक्षणेही साधी आहेत. उजवा हात वरद मुद्रेत, खाली पसरलेला, तळवा भक्ताकडे. डाव्या हातात नीलकमलाचा देठ. कोणतेही आयुध नाही. महिषासुरमर्दिनीच्या दशभुजा रूपाची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांस ही मूर्ती प्रथमदर्शनी लक्ष्मीचीच वाटते. मुकुटात ध्यानस्थ बुद्धाची लहान आकृती दिसली, तरच ती तारा आहे असे निश्चयाने सांगता येते. ही खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

आता जावाकडे वळू. मध्य जावात, योग्यकर्ता नगराच्या पूर्वेस, प्रंबाननच्या प्रख्यात शिवमंदिरांच्या अलीकडे कलसनचे मंदिर आहे. तेथे सापडलेला शिलालेख शके ७०० चा, म्हणजे इ. स. ७७८ चा. आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या लेखाचे संशोधन करून तो भारतीय विद्वानांपुढे मांडणाऱ्यांत मालवणास जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अग्रणी होते. डच पंडित ब्रांडेस यांनी १८८६ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर लवकरच डॉ. भांडारकरांचा त्यावरील निबंध मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या पत्रिकेत आला. लेखाची लिपी जावाची नित्याची नव्हे. ती नागरीच्या पूर्वरूपाची, उत्तर भारतातील बौद्ध विहारांत चालणारी आहे. म्हणजे या मंदिरामागे असलेले गुरुजन त्या विहारांच्या परंपरेत वाढलेले होते.

त्या लेखाचा आशय असा : शैलेंद्र राजाच्या गुरूंनी महाराज पणंगकरण याजकडून तारेचे मंदिर बांधविले, देवीची मूर्ती स्थापिली, भिक्षूंसाठी निवास उभारला आणि कलस नावाचे ग्राम संघास दान दिले. त्या ग्रामाचे नाव आजतागायत चालू आहे. मंदिराची जी वास्तू आज उभी आहे ती नंतरच्या पुनर्रचनेची आहे. मध्ये चौरस गर्भगृह, चारही दिशांस पुढे आलेले भाग, आणि त्यांत उपदेवतांच्या कोनाड्या. वरून पाहिल्यास आराखडा क्रूसाकृती दिसतो. भिंतींच्या दगडावर एक चिवट गिलावा चढविलेला होता, त्यास आज वज्रलेप म्हणतात. मुख्य मूर्ती नाहीशी झाली आहे. तिचे रिते आसन तेवढे राहिले आहे.

दक्षिणेकडील दारावर कोरलेले काळाचे भव्य मुख पाहून मात्र आमच्या वाचकांपैकी कोणासही परदेशी आल्यासारखे वाटणार नाही. विस्फारलेले डोळे, वर कोरलेले दात, खालचा जबडाच नाही, आणि दोन्ही बाजूंस दारचौकटीच्या पायथ्याशी मकरमुखे. हेच आमच्या मंदिरांवरील कीर्तिमुख. लक्कुंडीच्या काशीविश्वेश्वराच्या शिखरावर ते आहे. आमच्या देवांच्या रुप्याच्या प्रभावळींवर ते मखराच्या माथ्याशी असते. पुराणात त्याची कथा शिवाशी जोडलेली आहे. कलसनला ते तारेच्या दारावर आहे, आणि जवळच्या प्रंबाननला शिवाच्या. शिल्पी ज्या खुणा वापरतो त्या संप्रदायाच्या खाजगी मालमत्तेच्या नसतात, ही गोष्ट जावातील दोन शेजारच्या मंदिरांनी जितकी स्पष्ट केली आहे तितकी कोणत्याही ग्रंथाने केली नसेल. कमल, चक्र, पूर्णघट, कल्पवृक्ष, मकर, नाग ही सर्व चिन्हे या सामायिक भांडारातली आहेत. सांचीच्या तोरणावर दोन गजांनी अभिषेक केलेली देवी दिसते, तीच आमची गजलक्ष्मी.

कलसनचे मंदिर राजाने बांधले, डंबळचे सेट्टींनी. तथापि या दोन स्थळांमधील सागर ओलांडणारे लोक बहुतांशी डंबळच्याच वर्गाचे होते. ‘अय्यावोळेचे पाचशे’ या नावाची वणिजांची महाश्रेणी आमच्याच कर्नाटकात, ऐहोळे येथे, उदय पावली. त्याच ऐहोळ्यात मेगुतीच्या टेकडीच्या उतारावर दुमजली बौद्ध चैत्य आहे, आणि टेकडीच्या माथ्यावर इ. स. ६३४ चे जैन मंदिर. या श्रेणीचा एक तामिळ शिलालेख सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, बारूसजवळ, सापडला आहे. त्याचे वर्ष शके १०१०, इ. स. १०८८. डंबळच्या लेखाहून केवळ सात-आठ वर्षांनी जुना! सुमात्रास पोहोचलेल्या श्रेणीचे बंधू आमच्या गदग-लक्कुंडीच्या पेठांत बसत होते, आणि समुद्राचे भय शमविणाऱ्या देवीचे मंदिर बंदरापासून कित्येक कोस आत, काळ्या मातीच्या प्रदेशात बांधले जात होते, याचे नवल मग उरत नाही.

डंबळ हे एकाकी उदाहरण असते तर आम्ही त्यावरून फारसे अनुमान काढले नसते. एका साक्षीदारावर निर्णय देऊ नये, हा आमच्या धंद्याचा पहिला पाठ आहे. परंतु येथे साक्षीदार अनेक आहेत. शिकारीपूर तालुक्यातील बळ्ळिगावे येथे १०६५ च्या सुमारास रूपभट्टय्य नामक दंडनायकाने जयंतीप्रबुद्ध विहार बांधला. तेथे तारा भगवती, लोकेश्वर व बुद्ध यांच्याबरोबर केशवाच्याही पूजेची व्यवस्था केली. मिरज प्रांतातील इरुकुडी येथे कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य याने गंडसमुद्र नावाचा तलाव खोदला आणि त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध व अर्हत अशा तीन देवतांची स्थापना करून त्यांस जमिनी दिल्या. तो ताम्रपट १११० सालचा आहे. आणखी मागे गेल्यास, कुमठ्याकडील हिरेगुत्तीच्या ताम्रपटात भोज राजाने बौद्धांच्या आर्यसंघास ग्राम दिल्याची नोंद आहे, आणि गोव्यातील दुसऱ्या एका भोज ताम्रपटात शिवपुर येथील महाविहारास भूमी दिल्याची. कान्हेरीस शके ७७५ च्या एका लेखात गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने केलेले दान नोंदविले आहे. ‘गौड’ हा शब्द वाचून आमच्यापैकी कित्येकांचे कान टवकारतील. परंतु केवळ नामसाम्यावरून वंशावळ जोडणे हे पुराव्याच्या कायद्यास धरून होणार नाही.

हे सर्व दूरच्यांस ठाऊक होते काय? होते. नेपाळात १०१५ साली लिहिलेली अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेची एक पोथी केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तीत तत्कालीन बौद्ध जगतातील विख्यात मूर्तींची व चैत्यांची लहान-लहान चित्रे असून प्रत्येकाखाली स्थळाचे नाव आहे. त्यांत जावा आहे, सिंहल आहे, चीन आहे. आणि कोकणही आहे. कृष्णगिरीचा, म्हणजे कान्हेरीचा, चैत्य त्यांत आहे, आणि कोकणातील शिवपुरचा लोकनाथही. हिमालयाच्या कुशीत बसलेल्या लेखकास कोकणचा लोकनाथ ठाऊक होता. कोकणातील आजच्या माणसास तो ठाऊक नाही. बार्देशात कोलवाळजवळ मुशीर येथे फादर हेरास यांस १९३० साली बुद्धाची एक मूर्ती सापडली, ती मुंबईच्या त्यांच्या संस्थेत ठेवलेली आहे. आमच्या किनाऱ्यावरील त्या जुन्या जगाची अशी मूक साक्ष अजून अधूनमधून जमिनीतून वर येते.

मग हे विहार गेले कोठे? या प्रश्नास आमच्या समाजात दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, आमच्या पूर्वजांनी बौद्धांची स्थाने बळकावली. प्रत्येक देवीच्या मूर्तीखाली तारा आणि प्रत्येक शिवलिंगाखाली स्तूप आहे. दुसरा पक्ष म्हणतो, येथे बौद्ध कधी नव्हतेच. जे काही आहे ते सारे मुळापासून आमचेच. आमच्या मते दोन्ही पक्षांनी पुरावा न वाचता कैफियत दाखल केली आहे.

पुरावा काय सांगतो? मंगळूरच्या कद्रीचे उदाहरण घ्या. मंजुनाथाच्या त्या देवालयात त्रिमुख, षड्भुज लोकेश्वराची अप्रतिम पंचरसी मूर्ती आहे. तिच्या आसनावर आळुप राजा कुंदवर्मा याचा ९६८ सालचा लेख असून कद्रिका विहारात लोकेश्वराची स्थापना केल्याचे त्यात म्हटले आहे. तोच राजा त्या लेखात आपली शिवभक्तीही सांगतो. पुढे ते स्थान नाथ संप्रदायाकडे आले, आणि आज ते मंजुनाथाचे क्षेत्र म्हणून गजबजलेले आहे. मूर्ती फोडली गेली नाही, फेकली गेली नाही. ती आजही पूजेत आहे. दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीची एकोणतीस लेणी अशाच अवस्थांतरांतून गेली. वज्रयानी बौद्धांनंतर तेथे शैव व नाथपंथी आले, आणि दोहोंच्या खुणा एकाच डोंगरात शेजारी-शेजारी राहिल्या. ताराही आमच्याकडे पूर्णपणे हरवली नाही. दशमहाविद्यांत कालीनंतर तिचेच नाव येते, आणि तिच्या मस्तकी अक्षोभ्य असतो. अक्षोभ्य हा पंचध्यानी बुद्धांपैकी एक. तंत्रग्रंथांनी त्याचा अर्थ लावताना सांगितले की, हलाहल पिऊनही ज्यास क्षोभ झाला नाही तो शिव म्हणजेच अक्षोभ्य. बुद्धाची मूर्ती पुसून टाकण्याऐवजी तिला नवा अर्थ देऊन ती जागच्या जागी ठेवली गेली, हे त्यावरून दिसते.

डंबळचे मात्र तसे झाले नाही. तेथील विहार कोणा दुसऱ्या देवाचे नाव घेऊनही टिकला नाही. आमचे अनुमान असे की, त्याचे कारण दात्यांत शोधावे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या आंदोलनानंतर या प्रदेशातील पेठेचा मोठा भाग लिंगायत झाला. आज उत्तर कर्नाटकातील बणजिग व्यापारी बहुतांशी त्याच धर्माचे आहेत. ज्यांच्या उत्पन्नावर नंदादीप जळत होता त्यांच्या मुलानातवंडांनी दुसरी दीक्षा घेतली. दीप विझविण्यास शत्रू लागला नाही; तेल घालणारा राहिला नाही, एवढे पुरे झाले. कलसनचेही भिन्न नव्हते. दहाव्या शतकात जावाची राजधानी पूर्वेकडे गेली, मध्य जावातील मंदिरांचा आश्रय तुटला, आणि तारेचे आसन रिते झाले.

आमच्या वाचकांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. सोळाव्या शतकात गोव्यात देवालयांवर संकट आले, तेव्हा कुशस्थळीहून मंगेश प्रियोळास आला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्यास आली. वास्तू मागे राहिल्या आणि पाडल्या गेल्या. देव मात्र तारीवरून नदी उतरून पलीकडे गेले, कारण त्यांच्यामागे महाजन होते, कुळावी होते, वर्षासने देणारी घराणी होती. राजाश्रयाने उभी राहिलेली भव्य मंदिरे राजाबरोबर गेली. ज्यांच्यामागे लोकसमूह होता ती नष्ट होऊनही पुन्हा उभी राहिली. डंबळच्या तारेस लोकसमूह मिळाला होता, परंतु तो टिकला नाही. स्थान टिकते ते दगडावर नव्हे, पिढ्यांवर. इतिहासाचा हा धडा या दोन शिळांहून आमच्या कुळाव्यांस अधिक कोण शिकवील?

परंतु याच धड्याची दुसरी बाजू आहे, आणि तीसाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. ज्यांच्यामागे आज कोणी कुळावी उरले नाहीत, त्या दगडांचे पालकत्व कोणाकडे? कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या तीरी सन्नती येथे चंद्रलांबा देवीचे क्षेत्र आहे. महाराष्ट्र-कर्नाटकातील अनेक घराण्यांची ती कुलदेवता. १९८६ साली त्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले. ढिगारा उपसताना आढळले की, कालीच्या मूर्तीस पीठ म्हणून वापरलेल्या शिळेवर अशोकाच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. पुढे जवळच कनगनहळ्ळी येथे उत्खनन होऊन भव्य स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि अशोकाचे नाव कोरलेली त्याची प्रतिमाही. मंदिरातील त्या शिळेवर ज्या आज्ञा होत्या त्यांत बारावी आज्ञा आहे. तिचा आशय असा की, जो आपल्या संप्रदायाच्या प्रेमाने दुसऱ्याच्या संप्रदायाची निंदा करतो, तो आपल्याच संप्रदायाची अधिक हानी करतो. हे वचन शतकानुशतके कालीच्या पायांखाली होते, आणि देवीने ते सांभाळले. मंदिराने शिळा जपली नसती तर आज ती कोणाच्या तरी विहिरीच्या पायरीत गेली असती.

आज गावोगावी जीर्णोद्धार चालले आहेत. जुना दगड काढून संगमरवर बसविला जातो. जुन्या पायातील लेखशिळा मुरुमाबरोबर भरावात जातात. ओळख न पटलेल्या मूर्ती नदीत सोडल्या जातात. देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची नम्र सूचना आहे की, पाया खणण्यापूर्वी प्रत्येक कोरीव दगडाचे छायाचित्र घ्यावे, लेख असल्यास त्याचा ठसा पुरातत्त्व खात्याकडे किंवा धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेसारख्या जाणत्या संस्थेकडे पाठवावा, आणि मूर्तीच्या मुकुटात ध्यानस्थ आकृती दिसल्यास ती दडवू नये किंवा तीवर कोणाचा हक्क सांगू नये. कायद्याची बाजूही विसरू नये. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही १९७२ च्या अधिनियमान्वये पुरावस्तू ठरते. आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची सूचना जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन १८७८ च्या निखातनिधी अधिनियमाने घातलेले आहे. परंतु कायदा हा येथे किमान आहे. खरी जबाबदारी त्याहून जुनी आहे.

कलसनच्या शिलालेखाच्या शेवटी राजा पुढे येणाऱ्या सर्व राजांस वारंवार विनवितो की, हा धर्मसेतू सर्वांचा समान आहे, आपापल्या काळी तुम्ही त्याचे रक्षण करावे. ज्यांनी आमच्याकडील जुनी दानपत्रे वाचली आहेत त्यांस ही विनंती परिचयाची वाटेल. शिवालयाचे दान असो, जैन बस्तीचे असो, अग्रहाराचे असो, अखेरीस हाच श्लोक येतो. फरक इतकाच की, आमच्याकडे विनविणारा रामचंद्र असतो. वैष्णवांचा राम, शैवांच्या दानपत्रात, आणि तोच श्लोक बौद्धांच्या तारेच्या मंदिरात, जावात! दस्तऐवजांचा अभ्यास करणाऱ्यास या श्लोकाचे महत्त्व विशेष वाटते. दात्यास माहीत असते की, आपल्या मृत्यूनंतर आपली इच्छा बजावणारा कोणी उरणार नाही. म्हणून तो धमकीबरोबर विनंतीही करतो, आणि ती आपल्या वंशजांस नव्हे तर येणाऱ्या कोणासही करतो. तो सेतू म्हणतो, कारण सेतूवरून जाणाऱ्यास जात, पंथ, गाव विचारले जात नाही.

डंबळच्या सोळा सेट्टींचे वंशज आज कोण, हे विचारण्याचे कारण नाही. त्यांची विनंती ज्याच्या गावच्या मातीत पडली आहे, तो त्यांचा उत्तराधिकारी.